नमस्कार करणारा वृक्ष आणि त्याचा परीक्षक
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात काकती येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"वृक्षांना जीव आहे हे आपल्या ऋषींनी सांगितले होते, आणि जगदीशचंद्र बोसांनी ते यंत्राने सिद्ध केले," हे वाक्य कीर्तनांतून, प्रवचनांतून आणि शाळेतल्या भाषणांतून इतक्या वेळा कानी पडते की, त्याचा अर्थ पाहण्याची गरजही आता कोणास वाटत नाही. वाक्य उच्चारले जाते, श्रोते मान डोलावतात आणि वक्ता पुढील विषयाकडे वळतो. वस्तुतः या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. ऋषींनी नेमके काय सांगितले, बोसांनी नेमके काय दाखविले, आणि एकाने दुसऱ्याची सिद्धी होते काय, हे ते तीन प्रश्न होत. ज्या मठात न्याय आणि मीमांसा शिकविल्या जातात, तेथे तरी ही गाठ सोडवून पाहिली पाहिजे. याच हेतूने आजच्या व्याख्यानासाठी आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र निवडले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वनस्पती सजीव आहेत हे युरोपातील वनस्पतिशास्त्रास बोसांच्या आधीही मान्यच होते. ते सिद्ध करण्यासाठी कोणा भारतीयाने विलायतेस जाण्याची आवश्यकता नव्हती. बोसांचे म्हणणे याहून पुष्कळ धाडसाचे होते. प्राण्याच्या स्नायूप्रमाणे आणि मज्जातंतूप्रमाणे सामान्य वनस्पतीही आघाताला विद्युत्-प्रतिसाद देते, तिच्या पेशी स्पंदन पावतात, आणि प्रतिसादाची ही रीत काही अंशी धातूंतही आढळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाचा एक भाग काळाच्या कसोटीला उतरला, एक भाग उतरला नाही, आणि एका भागाविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी झाला. त्यांचे पूर्वज ढाक्याजवळील विक्रमपूरचे. तो सर्व प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. अधिकाऱ्यांची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात. परंतु भगवानचंद्रांनी मुलास आधी बंगाली शाळेत घातले. परभाषा शिकण्यापूर्वी मुलाला स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे कळली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्या शाळेत जगदीशचंद्रांच्या एका बाजूस मुसलमान शिपायाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. पशुपक्षी आणि जलचर यांच्या गोष्टी या सोबत्यांकडूनच आपण ऐकल्या, आणि सृष्टीविषयीचे कुतूहल तेथे उपजले, असे त्यांनी पुढे सांगितले. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या काकतीच्या वेशीवर एकत्र नांदतात, तेथील पालकांनी या पित्याचा विवेक ध्यानी ठेवण्याजोगा आहे. पुढे जगाने मान दिल्यावरही जगदीशचंद्रांनी बंगालीत लिहिणे सोडले नाही. त्यांचा बंगाली लेखसंग्रह 'अव्यक्त' या नावाने १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्यापाशी त्यांनी पदार्थविज्ञानाचे पहिले धडे घेतले. १८८० मध्ये ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. परंतु ज्वराने प्रकृती ढासळल्यामुळे तो मार्ग सोडून केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा भारतीय प्राध्यापकास इंग्रज सहकाऱ्यापेक्षा कमी वेतन देण्याची रीत होती. जगदीशचंद्रांनी काम स्वीकारले आणि वेतन नाकारले. एक महिना नव्हे, दोन महिने नव्हे, तीन वर्षे ते नित्यनेमाने शिकवीत राहिले आणि वेतनास त्यांनी हात लावला नाही. अखेर सरकारने त्यांची योग्यता मान्य करून मागील सर्व वर्षांचे पूर्ण वेतन एकदम दिले. त्या रकमेतून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले. सत्याग्रह हा शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही घटना आहे.

१८९४ च्या सुमारास त्यांनी विद्युत्-लहरींवर संशोधन आरंभिले. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या लहरींचे अस्तित्व दाखविल्यास तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. बोसांनी अवघ्या पाच मिलिमीटरांच्या आसपास लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली होती, आणि उपकरणे घडविणारा कारागीर म्हणजे एक सामान्य पत्रेकाम करणारा मनुष्य होता. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. येथेच ते थांबले असते तरी पदार्थविज्ञानाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ राहिले असते.

परंतु प्रयोग करीत असता एक विलक्षण गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली. लहरी टिपणारे धातूचे ग्राहकयंत्र सतत वापरले की मंद होई आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होई. एखादा दुसरा शास्त्रज्ञ हा यंत्राचा दोष समजून यंत्र बदलता. बोसांना मात्र त्यात थकलेल्या स्नायूचे साम्य दिसले. मग त्यांनी कथिलाची तार, पानाचा देठ आणि प्राण्याचा स्नायू या तिन्हींना सारखेच आघात दिले व विद्युन्मापकाने त्यांच्या प्रतिसादाच्या रेषा काढल्या. त्या रेषा चकित करण्याइतक्या सारख्या आल्या. श्रमाने तिन्ही मंदावल्या, उत्तेजकाने उसळल्या आणि विषाने निमाल्या. सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये पक्की भिंत नाही, हा विचार त्यांनी १९०० साली पॅरिसच्या पदार्थविज्ञान परिषदेत मांडला. त्या वेळी स्वामी विवेकानंद पॅरिसमध्येच होते. आपल्या देशबांधवाचा हा गौरव पाहून त्यांचे अंतःकरण भरून आले.

पुढील वर्षी, जून १९०१ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाच विषय आला, तेव्हा मात्र विरोध उभा राहिला. विरोध करणारे बर्डन-सँडर्सन हे कोणी अज्ञ गृहस्थ नव्हते. कीटक पकडणाऱ्या एका वनस्पतीच्या पानातून विद्युत्-आवेग जातो, हे १८७३ मध्ये त्यांनीच प्रथम दाखविले होते. परंतु सामान्य वनस्पतीतही तसे घडते, हे त्यांना मान्य होईना. 'प्रतिसाद' हा शब्द प्राणिशास्त्राचा आहे, तो शीर्षकातून काढावा, असे त्यांनी सुचविले. बोसांनी शब्द बदलण्यास नकार दिला. निबंध छापला गेला नाही. १९०२ मध्ये त्यांनी सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादावरील आपला ग्रंथ स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. या आणि पुढील ग्रंथांच्या लेखनात भगिनी निवेदितांचे मोठे साहाय्य होते.

विरोधकांना उत्तर देण्यासाठी बोसांनी निवडलेला मार्ग आपण नीट पाहावा. त्यांनी देशाभिमानाला हाक दिली नाही आणि प्राचीन वचनांचा आधार पुराव्याच्या जागी ठेवला नाही. त्यांनी अधिक सूक्ष्म यंत्रे बांधली. सेकंदाच्या सहस्रांश भागापर्यंत काळ मोजणारे अनुनादी लेखकयंत्र त्यांनी तयार केले. वनस्पतीची वाढ सहस्रावधी पट मोठी करून दाखविणारा 'क्रेस्कोग्राफ' त्यांनी घडविला. लाजाळूच्या देठाला एका टोकास स्पर्श केल्यावर दुसऱ्या टोकाची पाने मिटेपर्यंत किती वेळ जातो हे त्यांनी मोजले, क्लोरोफॉर्मच्या वाफेने तिचा प्रतिसाद थांबतो आणि मोकळ्या हवेत परत येतो हे दाखविले. १९२० मध्ये लंडनमध्ये यंत्राच्या खरेपणावर शंका घेतली गेली, तेव्हा तज्ज्ञांच्या मंडळाने ते स्वतः पाहून त्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्रही याच वर्षी निघाले. त्याचे लेखक पॅट्रिक गेडिस हे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख होते.

आता ज्या प्रसंगावरून या व्याख्यानास नाव दिले आहे, तो प्रसंग सांगावयाचा आहे. पूर्व बंगालमधील फरीदपूर येथे खजुरीचे एक कललेले झाड होते. सायंकाळी देवळातील घंटा वाजू लागल्या की ते झाड जणू प्रणाम करण्यासाठी मस्तक भूमीकडे लववी, आणि सकाळी पुन्हा उभे राही. दूरदूरचे यात्रेकरू त्याच्या दर्शनास येत, त्याला नैवेद्य दाखवीत, आणि त्याच्या कृपेने रोग बरे झाल्याच्या कथा सांगत. बोसांनी त्या झाडाला लेखकयंत्र जोडण्याची अनुज्ञा मागितली. झाडाच्या मालकास ते रुचेना. परक्या बनावटीचे यंत्र लागल्यास झाडाचे पावित्र्य जाईल, अशी त्यास भीती वाटली. तेव्हा हे यंत्र आपल्याच देशात, आपल्याच प्रयोगशाळेत घडविलेले आहे आणि ते जोडणारा साहाय्यक एका पुरोहिताचा पुत्र आहे, असे त्यास सांगण्यात आले. मग अनुज्ञा मिळाली.

यंत्राने अहोरात्र रेषा काढली. त्या रेषेवरून असे दिसले की, झाडाची हालचाल केवळ संध्याकाळची नव्हे. ती दिवसभर अखंड चालू असते. सकाळी झाड सर्वांत ताठ असे, आणि ऊन वाढत जाई तसे ते खाली येई. तापमानाची रेषा आणि झाडाची रेषा शेजारी ठेवल्या, तेव्हा दोहोंचा संबंध स्पष्ट झाला: उष्णता वाढली की झाड लवते, उतरली की उठते. पुढे ते झाड मेले आणि त्याची हालचाल थांबली. म्हणजे ही हालचाल वाळलेल्या लाकडाची नव्हती, जिवंत पेशींची होती, हेही सिद्ध झाले.

न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास येथे काकतालीय न्यायाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कावळा येऊन बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. घंटा वाजली आणि खजुरी लवलेली दिसली, म्हणून घंटेने ती लवविली असेही होत नाही. कार्यकारणभाव ठरविण्यास अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. घंटा नसतानाही झाड लवते, म्हणून घंटा हे कारण नव्हे. उष्णता असता लवते, नसता लवत नाही, म्हणून उष्णता हे कारण. बोसांनी यंत्राच्या लेखणीने जे केले, ते पाठशाळेत शब्दांनी शिकविले जाते. कसोटी एकच आहे.

या परीक्षेने भक्तीची हानी झाली काय, असा प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याची भक्ती झाडाच्या चमत्कारावर उभी होती, त्याची झाली असेल. परंतु घंटेचा नाद ऐकून ज्याचे स्वतःचे मस्तक लवत होते, त्याचे काही गेले नाही. झाड ऊन ओळखून वाकते आणि गारवा ओळखून उठते, ही गोष्ट चमत्काराच्या कथेहून कमी विस्मयकारक आहे, असेही म्हणता येणार नाही.

इतके सांगून थांबले तर व्याख्यान गोड होईल, पण पुरे होणार नाही. बोसांच्या सर्वच प्रतिपादनांचा जय झाला असे नाही. उंच वृक्षाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे, हा जुना कूटप्रश्न आहे. वरून ओढून घेणारा पंप विहिरीतले पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे चढवू शकत नाही. आणि वृक्ष तर शंभर मीटरांहून उंच आढळतात. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये असे सांगितले की, पानांतून बाष्प उडून जाते तेव्हा पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून एका अखंड दोरीप्रमाणे वर ओढले जातात. बोसांना हे निर्जीव स्पष्टीकरण पटले नाही. १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, खोडातील जिवंत पेशींचा एक थर हृदयाप्रमाणे स्पंदन पावतो आणि रस वर ढकलतो. ही स्पंदने विद्युत्-शलाकेने टिपल्याचेही त्यांनी सांगितले. परंतु खोडाच्या पेशी विषाने मारल्या तरी पाणी वर चढत राहते, हे जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी त्यापूर्वीच दाखविले होते. पुढील काळातील मापनेही बहुतांशी डिक्सन आणि जोली यांच्याच बाजूने गेली. आज वनस्पतिशास्त्र तेच मत शिकविते. येथे बोसांचा पक्ष पूर्वपक्षच राहिला, सिद्धान्त झाला नाही. तसेच धातूच्या आणि स्नायूच्या रेषा सारख्या आल्या, एवढ्यावरून दोहोंच्या अंतरंगातील व्यापारही एकच, हे विज्ञानाने मान्य केलेले नाही. साधर्म्य दिसले म्हणजे व्याप्ती सिद्ध झाली असे नाही, हेही न्यायशास्त्राचेच सांगणे आहे.

उलट, ज्या मुद्यावर १९०१ मध्ये त्यांचा निबंध अडला, त्या मुद्यावर काळाने त्यांची बाजू घेतली. टोमॅटोच्या एका पानास जखम झाली असता विद्युत्-संकेत दूरच्या पानापर्यंत जाऊन तेथे संरक्षक द्रव्य निर्माण होते, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. २०१३ मध्ये अशा संकेतास आवश्यक असणारी जनुके एका लहान वनस्पतीत ओळखण्यात आली, आणि २०१८ मध्ये अळीने पान कुरतडताच कॅल्शियमची लाट पानापानांतून धावताना प्रकाशचित्रांत टिपली गेली. निपाणीच्या शिवारात तंबाखूचे पान अळी खाऊ लागते, तेव्हा ते रोप मुकाट्याने पडून राहत नाही. आपल्या परीने ते प्रतिकाराची सिद्धता करते. तथापि यास 'वनस्पतीचे मज्जाशास्त्र' म्हणावे काय, यावर २००७ मध्ये छत्तीस शास्त्रज्ञांनी एकत्र स्वाक्षऱ्या करून आक्षेप घेतला: वनस्पतीत मज्जापेशी नाहीत आणि मेंदूही नाही, म्हणून प्राण्यांचे शब्द तिला लावू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. एका शब्दावरचा जो वाद बर्डन-सँडर्सन यांनी काढला होता, तो शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. महाभारताच्या शांतिपर्वात भृगु आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. वृक्ष ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग ते पंचभूतात्मक कसे, अशी शंका भरद्वाज घेतात. भृगु त्यांना गप्प बसवीत नाहीत; ते एकेक कारण देतात. उन्हाने पान कोमेजते म्हणून स्पर्श आहे, मेघगर्जनेने फळे-फुले गळतात म्हणून श्रवण आहे, वेल आधाराकडे वळत जाते म्हणून दृष्टी आहे. ही कारणे आजच्या कसोटीस उतरतात की नाही हा प्रश्न वेगळा. ध्यानी घ्यावयाचे ते हे की, तेथे शंकेला स्थान आहे आणि उत्तर निरीक्षणातून दिलेले आहे. त्या संवादाचे मोल स्वतःचे आहे; त्याला लंडनच्या प्रशस्तिपत्राची आवश्यकता नाही. आणि बोसांच्या प्रयोगांचे मोलही स्वतःचे आहे. त्यांना पुराणाचा टेकू नको.

हा भेद न केल्यास हानी कोणाची होते, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पाठशाळेत वाढलेला मुलगा उद्या बेळगावच्या महाविद्यालयात जाईल. रस चढण्याविषयीचे बोसांचे मत टिकले नाही, असे तेथे त्याच्या कानी पडेल. शास्त्राचे प्रामाण्य बोसांच्या यंत्रावर टांगून आपण त्याच्या हाती दिले असेल, तर त्या एका वाक्यासरशी त्याच्या मनातून बोसही जातील आणि शास्त्रही जाईल. ज्याला प्रत्येक विधानाचे प्रमाण वेगळे तपासण्याची सवय लावली असेल, तो मात्र दोहोंचा आदर राखून पुढे शिकत राहील. आपल्या मुलांच्या हाती काय द्यावे, हे आज येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्याच अधीन आहे.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात आपली संस्था स्थापन केली. बंगालीत तिचे नाव 'बसु विज्ञान मंदिर' असे आहे, आणि ही केवळ प्रयोगशाळा नसून देवालय आहे, या भावनेनेच त्यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. तेथे लागणाऱ्या शोधांवर कोणी स्वामित्वाचा हक्क घेऊ नये, ते सर्वांसाठी खुले असावेत, अशीही त्यांची इच्छा होती. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचा देह पडला. संस्था आजही चालू आहे, आणि ज्या मंदिराची त्यांनी प्रतिष्ठा केली, तेथे त्यांच्याही मतांची परीक्षा होत आली आहे.

श्रीमठाच्या आवारातील वृक्षांना पाणी घालणाऱ्या प्रत्येक सेवकाने हे चरित्र मनात ठेवावे. रोपाला ऊन कळते, जखम कळते, पाण्याची दिशा कळते; ते कसे कळते याचा शोध अजून पुरा झालेला नाही. तो पुढे नेणारा एखादा मुलगा किंवा मुलगी याच पंचक्रोशीतून निघावी, हीच या मंगल प्रसंगी श्रीचरणी प्रार्थना.